मांडवातलं तांबडं कुत्रं

राखी गांगुर्डेने काढलेले कुत्र्यांचे फोटो पाहून "किती गोड!" असं कुणी म्हणत नसे. नाशिक रोड स्टेशनाबाहेर मटणाच्या हाडावरून एकमेकांच्या नरड्याला लागलेली दोन कुत्री, त्यातल्या एकाचा कान लोंबतोय. हायवेवर ट्रकखाली गेलेलं पिल्लू तोंडात धरून कडेला ओढणारी कुत्री. कळवणच्या स्टँडवर पाठीत दगड बसला त्याच क्षणी हवेत वाकडं झालेलं काळं कुत्रं. असले तिचे फोटो. ज्यांच्या स्टुडिओत ती लग्नाची फोटोग्राफर म्हणून कामाला होती ते सोमनाथभाऊ तिला म्हणायचे, "राखी, एखादं तरी शेपटी हलवणारं काढ गं."

"शेपटी हलवणारी सगळेच काढतात, भाऊ," असं म्हणून ती पुन्हा कॅमेऱ्यात डोकं घालायची.

लग्नाच्या कामाने तिला जिल्हाभर फिरवलं होतं. आज निफाड, उद्या कळवण, परवा सटाणा. नवरदेव पारावर यायला दोन तास उशीर हा ठरलेलाच. तेवढ्यात राखी गावात एक फेरी मारून यायची. कांद्याच्या चाळीखाली, पंक्चरवाल्याच्या टायरात, एसटीच्या सावलीत, जिथे कुत्रं दिसेल तिथे ती पोटावर पालथी पडायची. पोरं हसायची. बाया म्हणायच्या, "बाई चांगल्या घरची दिसते, पण डोक्याने गेलेली आहे."

तिला कुत्र्यांचा लळा होता असंही नाही. घरी तिने एकही पाळलं नव्हतं. घरात वडील होते, कारभारी गांगुर्डे, आणि ते असताना कुत्रं पाळणं शक्यच नव्हतं.

कारभारींची तरुणपणातली नोकरी एका छोट्या गावच्या नगरपालिकेत, कुत्री मारायच्या गाडीवर. त्या काळी ती रीतच होती. लांब दांड्याच्या लोखंडी चिमट्याने कुत्र्याची मान धरायची आणि दुसऱ्याने डोक्यात दांडकं घालायचं. कधी विषाचे लाडू टाकायचे आणि सकाळी गोळा करायला जायचं. राखी लहान असताना तिला गल्लीतली पोरं 'कुत्रेमाऱ्याची पोर' म्हणून चिडवायची. एकदा तिने चिडवणाऱ्या पोरीचं डोकं नळावर आपटलं होतं, चार टाके पडले होते. हात लवकर सुटायचा तिचा, तेव्हापासूनच. पुढे लग्न झालं, ते टिकलं नाही, आई वारली, आणि नाशिक रोडच्या कॉलनीतल्या दोन खोल्यांत बाप-लेक उरले. कारभारी आता दम्याने वाकले होते. पण लेकीने काढलेला कुत्र्याचा एकही फोटो त्यांनी कधी पाहिला नव्हता. ती दाखवायला गेली की ते चष्मा काढून खिशात ठेवायचे.

"दादा, फोटोच आहे. चावणार नाही."

"मला नको दाखवू," एवढंच म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात नामपूरला हर्षाली नावाच्या मुलीचं लग्न होतं. काम मुलीकडून मिळालेलं. लग्नाची सगळी सूत्रं हर्षालीचे चुलते केदा नाना यांच्या हातात. साठीचा माणूस, आवाज ताशासारखा, कांद्याचा मोठा बागायतदार. सकाळी मांडवामागे एका लंगड्या कुत्र्याचा फोटो काढताना त्यांनी राखीला पकडलं.

"ए बाई, कुत्रास्ना फोटू काबर काढी ऱ्हायनी? आमना काढ ना!"

राखी हसली आणि तिने त्यांचा गुलाबी फेट्यातला फोटो काढला. नानांनी तो कॅमेऱ्यात पाहिला, मिशीवर हात फिरवला आणि आचाऱ्याला ओरडून सांगितलं की या पोरीला आधी जेवायला वाढा. माणूस वाईट नव्हता.

तांबडं कुत्रं आलं ते दुपारी. डीजे सुरू झाल्यावर गावातली बाकीची कुत्री शेपूट घालून नाल्याकडे पळाली होती. हे मात्र आवाजाच्या दिशेने सरळ चालत आलं. उंच, पोट खपाटीला गेलेलं, मान खाली. जबडा लोंबत होता आणि लाळेची तार जमिनीपर्यंत येत होती. राखीला वाटलं, तहानलंय बिचारं, उन्हाने तापलंय. असं कुत्रं तिने आजवर टिपलं नव्हतं. ती भटारखान्यामागे मातीत आडवी झाली आणि हातभर अंतरावरून एकामागून एक फोटो घेत गेली. कुत्र्याने तिच्याकडे पाहिलं, पण ती तिथे आहे हे त्याला कळलंसं वाटलं नाही. तिने बुंदीचा लाडू पुढे केला. त्याने तो तोंडात घेतला, त्याला गिळता आला नाही, लाडू खाली पडला. मग त्याने तिची बोटं चाटली. सकाळी हाराची तार लागून तिचं एक बोट चिरलं होतं. ते चुरचुरलं. तिने हात जीन्सला पुसला, आणि तेवढ्यात सोमनाथभाऊंनी हाक मारली, मंगलाष्टकं सुरू होत होती.

अक्षता पडल्या. फटाक्यांची माळ लागली. आणि त्या आवाजातच जेवणाच्या पंगतीतून बायकांची किंकाळी आली.

राखी धावत गेली तेव्हा टेबलं उलटली होती. कुत्रं एका खुर्चीच्या पायाला कडकडून चावत होतं. केदा नानांनी मांडवाची लोखंडी सळई उपसली होती. पहिला घाव पाठीवर बसला आणि कुत्र्याचे मागचे पाय गेले. ते पुढच्या दोन पायांवर फरपटत सळईवरच धावलं. लोखंडावर त्याचे दात फुटल्याचा आवाज राखीला स्पष्ट ऐकू आला. मग त्याने नानांची पोटरी धरली. नाना ओरडले आणि त्यांनी त्याच्या डोक्यावर सळई घातली. पुन्हा घातली. आणखी चार-पाच जण आले, कुणाच्या हातात बांबू, कुणाच्या हातात वीट. एकाने कढईखालचं जळतं लाकूड आणलं.

राखीचं बोट आपोआप कॅमेऱ्यावर दाबलं जात होतं. आपण काय करतोय हे तिला समजत नव्हतं. नंतर तिच्या लक्षात आलं की कुत्रं हलायचं थांबलंय आणि नाना अजून मारतायत. प्रत्येक घावाला त्यांच्या पांढऱ्या शर्टावर लाल शिंतोडे उडत होते.

"मेलंय ते!" ती ओरडली. "बस करा! मेलंय!"

नानांना ऐकूच गेलं नाही. तिने त्यांचा दंड धरला, त्यांनी तिला ढकललं, ती खरकट्यात पडली. उठली ती हातात कॅमेऱ्याच्या स्टँडची लोखंडी दांडी घेऊनच. ती दांडी तिने दोन्ही हातांनी नानांच्या मनगटावर घातली. वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज झाला. सळई खाली पडली.

मग सगळे तिच्यावर तुटून पडले.

कुणीतरी केस धरून तिला जमिनीवर ओढलं. पोटात लाथ बसली, मग बरगडीत. पायातल्या पैंजणांवरून कळत होतं की मारणाऱ्यांत बायकाही आहेत. तोंडात काहीतरी कडक आलं, तिला वाटलं खडा असेल. तो तिचाच दात होता. सोमनाथभाऊ मध्ये पडले, त्यांच्या कपाळावर वीट बसली आणि डोळ्यात रक्त उतरलं. तरी त्यांनी राखीला बगलेत धरून गाडीपर्यंत ओढत नेलं. गाडीची मागची काच फुटली. गावाबाहेर पडेपर्यंत मागून दगड येत होते.

नंतर पोलीस चौकी झाली. दोन्हीकडच्यांनी आमची तक्रार नाही म्हणून लिहून दिलं. नानांचं मनगट मोडलं होतं, राखीच्या दोन बरगड्या. हिशेब मिटला असं सगळ्यांनाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी राखी पाठीला उशा लावून, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. मांडवात काहीही झालेलं असो, मुलीला तिच्या लग्नाचे फोटो द्यायलाच हवेत. कारभारी चहा घेऊन आले. कप ठेवताना त्यांची नजर पडद्यावर गेली. ती खिळूनच राहिली.

"थांब," ते म्हणाले. "मागं घे."

"तुम्ही तर कुत्र्यांचे फोटो बघत नाही."

"मागं घे म्हणलं ना."

पडद्यावर तांबड्या कुत्र्याचं तोंड होतं. लोंबलेला जबडा, लाळ, आणि कुठेच न बघणारे डोळे. कारभारींनी चष्मा नाकावर घट्ट बसवला आणि वाकले.

"तुला चावलं का हे?"

"नाही. लाडू दिला तर बोटं चाटली."

"बोटाला काय झालंय?"

"तार लागली होती."

कारभारी खाली फरशीवर बसले. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. राखीला वाटलं दम्याचा झटका आला, ती पंप शोधायला लागली. त्यांनी हातानेच नको म्हटलं.

"राखे, हे पिसाळलेलं हाय. माझ्याबरोबर गाडीवर दगडू होता. तुला आठवायचा नाय, तू पाळण्यात व्हती. त्याला असंच एक चावलं, एवढुसं. म्हणला, रोजचंच हाय. दीड महिन्यानं पाण्याचा पेला बघून किंचाळायला लागला. पंख्याचा वारा लागला तरी अंग वाकडं करायचा. मी त्याचे हातपाय धरले व्हते, राखे. मी धरून बसलो व्हतो." ते फरशीला हात टेकून उठायला लागले. "ऊठ. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

सरकारी दवाखान्यात तिला इंजेक्शन सुरू झालं, बोटाच्या चिरेभोवतीही सुया टोचल्या. फोटो तिने जनावरांच्या एका डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, "मेंदू तपासल्याशिवाय छातीठोकपणे कुणी सांगणार नाही. मेलेलं कुत्रं मिळेल का?" मिळणार नव्हतं, ते नाल्यात फेकून वर काटेरी झुडपं पेटवल्याचं चौकीतच कळलं होतं. "मग वाट बघू नका," डॉक्टर म्हणाले. "ज्याला ज्याला याचा दात किंवा लाळ लागली असेल, त्याने लस घेतलीच पाहिजे. त्रास सुरू झाल्यावर हातात काही राहत नाही."

संध्याकाळी राखीने लग्नाचा एकेक फोटो मोठा करून पाहिला. नवरा-नवरी समोर होती, मागे कुठेतरी तांबडा ठिपका. एका फोटोत तो ठिपका टेबलाखाली होता आणि पिवळ्या झग्यातली पाच-सहा वर्षांची मुलगी त्याच्यासमोर पुरी धरून वाकली होती. पुढच्या फोटोत तिचा हात त्याच्या तोंडात होता. त्याच्या पुढच्यात ती भोकाड पसरून रडत होती, आणि आजूबाजूची सगळी माणसं मान वर करून अक्षता टाकत होती. कुणाचंच तिच्याकडे लक्ष नव्हतं. हे फोटो राखीनेच काढले होते, आणि तिचंही लक्ष नव्हतं.

तिने हर्षालीच्या वडिलांना फोन लावला. तिचा आवाज ओळखताच त्यांनी शिवी हासडून फोन ठेवला. मग नंबर लागेचना. फोटो पाठवले, ते कुणी उघडले नाहीत. गावातल्या बँडवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, तुमचं नाव काढलं तरी इथे मार बसेल."

सोमनाथभाऊंच्या कपाळाला पट्टी होती. ते म्हणाले, "हे बघ, तू सांगायचा प्रयत्न केलास. परत तिथे पाऊल टाकलंस तर जीव घेतील."

"भाऊ, ती पोरगी एवढीशी आहे."

"मी येणार नाही, राखी. मला दोन पोरं आहेत."

"तुम्ही येऊ नका."

कारभारींनी मात्र तिला एकटीला जाऊ दिलं नाही. पहाटेच्या गाडीने दोघं सटाण्याला आणि तिथून नामपूरला गेले. बरगड्यांमुळे प्रत्येक खड्ड्याला राखीच्या डोळ्यांत पाणी येत होतं. सटाण्याच्या स्टँडवर एक कुत्रं बाकाखाली झोपलं होतं, सवयीने तिचा हात कॅमेऱ्याकडे गेला आणि तसाच थांबला. त्याचं तोंड बंद आहे ना, लाळ नाही ना, हे तिने आधी पाहिलं. मग फोटो काढायचा राहूनच गेला.

केदा नानांचा मळा गावाबाहेर होता. अंगणात बाजेवर नाना बसले होते, हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला. राखीला पाहून ते उठून उभेच राहिले.

"तू? तू परत उनी आठे?"

राखीने सगळं एका दमात सांगितलं. नाना ऐकत होते की नाही कळत नव्हतं. त्यांच्या पोटरीला हळद आणि कसलातरी पाला बांधलेला होता.

"चावनं नई, नुस्ता दात लागना," ते म्हणाले. "आमना वैदूनी औषध दिधं. माले काहीच व्हयेल नई. मना हात तू मोडा, आनि आते इंजेक्शन सांगाले उनी?"

"हात मी मोडला," राखी म्हणाली. "त्याची काय ती शिक्षा मला द्या. पण लस घ्या, नाना. आणि ती पिवळ्या झग्यातली मुलगी कोण? तिला घेऊन चला."

गोठ्यातून नानांचा पुतण्या आला होता. त्याने राखीच्या हातातला मोबाइल हिसकावून मातीत फेकला. कारभारी मध्ये गेले. "पोरा, मोबाइल नको फेकू, त्यात..." एवढंच ते बोलले आणि पुतण्याची थप्पड त्यांच्या कानशिलात बसली. म्हातारा काडीसारखा कोलमडला. डोकं ओट्याच्या दगडावर आपटलं, चष्मा उडाला.

राखीच्या मुठी वळल्या. ओट्याला टेकून ठेवलेलं फावडं तिच्या हाताच्या अंतरावर होतं. तिने ते पाहिलं, आणि पुतण्यानेही तिला ते पाहताना पाहिलं.

"राखे, नाय!" कारभारी जमिनीवरूनच ओरडले. तिने हात मागे घेतला. ते तसेच पडल्या पडल्या नानांकडे तोंड करून बोलायला लागले. कानामागून रक्त गळ्यावर उतरत होतं. "मारा. मला मारलं तरी चालंल. म्या हजारो कुत्री मारली, नाना. या हातांनी. कुत्रं मारलं म्हणून माझ्या लेकीसारखा मी तुमच्याशी भांडायला आलो नाय. तुम्ही बरं केलं, नायतर अजून दहा जणांना चावलं असतं. पण माझा जोडीदार माझ्यादेखत मेला. पाणी पाणी करायचा आणि पाणी दिलं की भिताडावर डोकं आपटायचा. शेवटी मलाच चावायला बघत व्हता. अशी मौत दुश्मनाला नको."

घराच्या दारात एक तरुण बाई केव्हाची उभी होती. ती पायल, नानांची सून. तिच्या पदराआड मुलगी होती. पायलने खाली उतरून मोबाइल उचलला, काचेला तडा गेला होता पण फोटो दिसत होता. तिने तो बघितला, मग मुलीचा उजवा हात उलटा करून बघितला. अंगठ्याखाली दोन बारीक खपल्या होत्या.

"साक्षी, हाई काय शे? तू तर म्हने खिळा लागना."

मुलगी रडायला लागली. "तू मारती असती," ती म्हणाली.

पायलने तिला कडेवर घेतलं आणि पायात चपला सरकवल्या. "नाना, मी पोरले दवाखानामां लई जास."

"काहीच गरज नई!" नाना गरजले. "लोके काय म्हनतीन? लगीनमां नाट लागी जाई!"

"लागू द्या," पायल म्हणाली आणि फाटकाबाहेर पडली. मागे वळून ती कारभारींना म्हणाली, "बाबा, तुमालेबी टाके पडतीन. चला."

एकाच रिक्षातून ते चौघं ग्रामीण रुग्णालयात गेले. साक्षीच्या हातात सुया टोचताना तिला धरायला दोघी लागल्या. तिने राखीच्या मनगटाला कडाडून चावा घेतला. नर्स म्हणाली, "याचं इंजेक्शन नाही हं आमच्याकडे," आणि त्या दिवसात पायल पहिल्यांदा हसली. पायलने साक्षीची पुढची सगळी इंजेक्शनं वेळेवर पूर्ण केली. पंगतीत ओरखडे लागलेले आणखी तिघे जण तिच्यामुळेच दवाखान्यात गेले.

केदा नाना गेले नाहीत.

पावसाळा लागला होता. एका दुपारी पायलचा फोन आला. नाशिकच्या दवाखान्यातून बोलत होती. "ताई, नानांनी चहाचा कप फेकून दिला. काल पायाला मुंग्या येतात म्हणत होते. आता पाणी दाखवलं तरी..."

राखी गेली. वेगळ्या खोलीत पडदे ओढून अंधार केला होता, पंखा बंद. नानांचे हात कॉटला कापडी पट्ट्यांनी बांधलेले होते, त्यातला एक, जो तिने मोडला होता, जरा वाकडाच जुळला होता. झटका आला की त्यांची मान मागे फेकली जायची, छाती उचलली जायची आणि गळ्यातून ताणलेला, फाटलेला आवाज यायचा. तोंडातली लाळ त्यांना गिळता येत नव्हती. वॉर्डबॉय दोघे मिळून धरत होते. कॉटचे पाय फरशीवर खरखर घासत होते. ज्या आवाजाने मांडव दणाणायचा तो आवाज राहिला नव्हता.

मग झटका ओसरला आणि नाना एकदम शुद्धीवर आले. दारातल्या काचेतून त्यांना राखी दिसली. त्यांनी पायलला खुणेने काहीतरी सांगितलं. पायल बाहेर आली.

"तुम्हाला बोलावतायत. कॅमेरा आणलाय का विचारतायत."

डॉक्टरांनी तिला मास्क-हातमोजे घालायला लावले आणि लांब उभं केलं. नानांचे डोळे खोल गेले होते, पण ते पूर्ण जागे होते. माणूस आतून सगळं समजून होता, तेच बघवत नव्हतं.

"काढ," ते म्हणाले. एकेक शब्दाला त्यांना श्वास घ्यावा लागत होता. "मना फोटू काढ. लोकेस्ले दखाड. वैदूलेबी दखाड."

"नाना, नको."

"कुत्रास्ना काढस ना? काढ!"

राखीने कॅमेरा उचलला. पहिले फोटो हललेच. तिने भिंतीला पाठ टेकली, श्वास रोखला आणि काढले. बांधलेले हात, पोटरीवरचा बुजलेला वण, चेहरा. पुढचा झटका आला तेव्हा तिने कॅमेरा खाली घेतला. नाना दुसऱ्या दिवशी गेले.

तेराव्याला गावात जेवण झालं त्याच पारावर पायलने ते फोटो लोकांसमोर धरले. काही जण उठून गेले. नानांच्या पुतण्याने आधी डोळ्यांवर हात घेतला, मग तोच सरपंचांकडे गेला आणि म्हणाला की गावातल्या सगळ्या कुत्र्यांना लस टोचायची, लागेल ती मदत मी करतो. एक म्हातारी राखीच्या तोंडावर थुंकली. "तूच दृष्ट लाई दिधी मना भाऊले," असं ओरडत तिला चार बायांनी धरून नेलं. राखीने चेहरा ओढणीने पुसला आणि तिथेच बसून राहिली. हर्षालीही सासरहून आली होती. तिने राखीशी बोलणं टाळलं, पण जाताना जवळ येऊन हळूच विचारलं, "फेट्यातला एक फोटो होता ना नानांचा? तो मोठा करून द्याल?"

दिवाळीनंतर नामपूरला लसीचं शिबिर लागलं. कुठल्या कुत्र्याला लस झाली हे ओळखायला प्रत्येकाचा फोटो हवा होता, म्हणून पायलने राखीला बोलावलं. दिवस वाईटच गेला. जाळ्यात सापडलेली कुत्री एकमेकांना फाडत होती. पिल्लांजवळ गेले म्हणून एका कुत्रीने डॉक्टरांच्या बुटातून आरपार दात घातले. दगड मारून हाकलायची सवय लागलेले गावकरी आता दोरी घेऊन मागे धावले की कुत्री जिवाच्या आकांताने पळायची, विहिरीत एक पडलं, ते बाहेर काढायला तासभर गेला. पुतण्याच्या दंडावर ओरखडे उठले होते. तो स्वतःच लसीच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

ऊन कलल्यावर चाळीमागच्या पिवळ्या कुत्र्याची पाळी आली. ते कुणालाच आवरेना. शेवटी पायलने त्याच्या अंगावर गोणपाट टाकलं आणि त्याला गुडघ्यांखाली दाबून धरलं. डॉक्टरांनी सुई टोचली. कुत्रं गुरगुरत होतं, गोणपाटातून फक्त नाक आणि एक डोळा बाहेर होता.

"ताई, लवकर काढा," पायल दात आवळून म्हणाली. "जास्त वेळ नाही धरता येणार मला."

राखी मातीत पालथी झाली. कॅमेरा त्या डोळ्यावर स्थिर केला आणि फोटो घेतला.

"झालं. सोड."

पायलने गोणपाट ओढलं. कुत्रं झेप घेऊन सुटलं, वाटेत साक्षीच्या हातातली भाकरी हिसकावून कांद्याच्या शेतात नाहीसं झालं. साक्षी रिकाम्या हाताकडे बघत उभी राहिली, मग तिने आईला विचारलं, "आता पुढचं कुठलं?"